उन्हाळी शैक्षणिक शिबिरं: कोकणातल्या पालकांचे आणि मुलांचे वारंवार येणारे प्रश्न

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वार्षिक परीक्षा जवळ आल्या की फोनवर तेच तेच प्रश्न सुरू होतात. विचारणारे माझ्या शाळेतले पालक असतात, शेजारच्या तालुक्यातले असतात, मे महिन्यात गावी आलेले चाकरमानीही असतात. त्या सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. आठवी ते बारावीच्या मुलांपुरतंच हे आहे.

१. बाई, उन्हाळी शैक्षणिक शिबिर म्हणजे सुट्टीतला क्लासच ना?

नाही. क्लासात पुढच्या वर्षाचा अभ्यासक्रम आधी उरकून घेतात. छंदशिबिरात मुलं चार दिवस मजा करतात, थोडं हातकाम शिकतात, त्यातही वाईट काही नाही. शैक्षणिक शिबिरात मुलाला एकाच विषयात आठवडा, दोन आठवडे, कधी महिनाभर खोल उतरवतात. ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेलं नाही असा प्रश्न त्याच्या हातात देतात. तिथे मूल अडतं, आणि अडल्यावर त्याच्याशेजारी बसणारं जाणतं माणूस असतं. या दोन गोष्टी नसतील, तर नाव काहीही असो, तो क्लास किंवा सहल समजा.

२. मुलगी आठवीत आहे. आत्तापासूनच पाठवायला हवं का? उशीर तर होत नाही ना?

आठवीत घाई करू नका. या वयात एखाद-दोन दिवसांचं काहीतरी पुरतं. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात सुट्टीत मुलांसाठी शिबिरं असतात. मुंबईत मामा-मावशी असतील तर तेवढं जमतं.

नववीची परीक्षा झाल्यावरची सुट्टी सगळ्यात कामाची. मात्र आपल्याकडे बऱ्याच शाळा दहावीचे जादा तास एप्रिलमध्येच लावतात. तेव्हा निवड झाली तर मुख्याध्यापकांकडून दोन आठवड्यांची सूट आधीच लेखी मागून ठेवा. मी पाहिलंय, मागितली तर मिळते. दहावीनंतरच्या सुट्टीबद्दल प्रश्न ७ बघा.

३. एवढ्या जाहिराती येतात. चांगलं शिबिर ओळखायचं कसं?

आधी अर्जात काय मागतात ते बघा. चांगलं शिबिर मुलाकडून काहीतरी करून मागतं. चार गणितं सोडवा, एक पान लिहा, तुम्ही घरी केलेला एखादा प्रयोग सांगा, असं काहीतरी. ज्या अर्जात फक्त नाव, इयत्ता, मोबाइल नंबर आणि पैसे भरायचा क्यूआर कोड असतो, तिथे मूल कोण आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.

मग फोन करा आणि विचारा. शिकवणार कोण, त्यांची नावं सांगा. "नामवंत तज्ज्ञ" हे नाव नव्हे. एका शिकवणाऱ्यामागे मुलं किती? मागच्या वर्षीच्या मुलांनी काय काम केलं, ते बघायला मिळेल का? मुलाने लिहिलेलं वाचून त्यावर शेरे कोण देतं? मला विचाराल तर हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजून घ्या.

हे मी ठेच खाऊन शिकले. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली दोन मुलं शहरातल्या एका "संशोधन शिबिरा"ला गेली. रेल्वेचं रिझर्व्हेशन मिळालं नाही म्हणून एसटीने रात्रभर प्रवास केला. एकाच्या आईने भिशीचे पैसे उचलून फी भरली होती. दहा दिवस मुलांनी तयार किटमधला एक रोबो जोडला, खोलला, पुन्हा जोडला. परत आली ती जाड कागदावरची प्रमाणपत्रं घेऊन. त्यावर लिहिलं होतं, "संशोधन प्रकल्प यशस्वीरीत्या पूर्ण." मी एकाला विचारलं, तुझा प्रश्न काय होता? तो म्हणाला, "कसला प्रश्न, बाई?" त्या शिबिराची शिफारस मीच केली होती, माहितीपत्रक बघून. तेव्हापासून शेरे कोण देतं हे विचारल्याशिवाय मी कुणाला पाठवत नाही.

४. भरवशाचे आणि बिनपैशाचे कार्यक्रम कोणते? नावं सांगा.

इस्रोचा *युविका*, म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रम. २०१९ पासून चालू आहे, नववीच्या मुलांसाठी आहे. साधारण मे महिन्यात दोन आठवडे मुलं इस्रोच्या एखाद्या केंद्रात राहतात. प्रवास, राहणं, जेवण सगळं इस्रो बघते. निवडीत आठवीचे गुण, ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शनातला सहभाग असं बरंच धरतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे पंचायत हद्दीतल्या ग्रामीण शाळेत शिकणाऱ्यांना त्याचे वेगळे गुण आहेत. आपल्या बहुतेक शाळा त्यात बसतात आणि तरी अर्ज करत नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरा रस्ता ऑलिंपियाडचा, म्हणजे विज्ञान-गणिताच्या स्पर्धा परीक्षांचा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, खगोलशास्त्र आणि दहावीपर्यंतच्या मुलांसाठी कनिष्ठ विज्ञान, या विषयांची पहिली परीक्षा नोव्हेंबरमध्ये असते. पुढचा टप्पा जानेवारी-फेब्रुवारीत. त्यातून वर आलेल्या मोजक्या मुलांचं शिबिर उन्हाळ्यात मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात भरतं. गणिताची वाट वेगळी आहे. आधी आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा, मग प्रादेशिक, मग राष्ट्रीय परीक्षा, मग शिबिर. तिथपर्यंत फार थोडी पोहोचतात, पण पहिल्या परीक्षेची तयारी केलेलं मूलसुद्धा वर्गात वेगळं दिसतं. गणिताच्या तयारीसाठी पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानाचं नाव जुनं आहे.

सहावी आणि नववीसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, ती मराठीतूनही देता येते. *इन्स्पायर मानक* हे शिबिर नव्हे. त्यात शाळेने मुलांच्या कल्पना पाठवायच्या असतात, आणि निवडलेल्या कल्पनेला नमुना बनवायला १०,००० रुपये मिळतात. पुढच्या कुठल्याही अर्जात सांगण्यासारखं काहीतरी मुलाच्या हाती त्यातून येतं, म्हणून इथे घेतलं.

५. मग यांचे अर्ज कधी करायचे? आम्हाला नेहमी उशिराच कळतं.

उशिरा कळतं, कारण आपण मे महिन्यात विचारतो. तोवर सगळं संपलेलं असतं. गणेशचतुर्थी डोक्यात धरा. ऑलिंपियाडच्या पहिल्या परीक्षांची नोंदणी गणपतीच्या आगेमागे असते, गणिताची त्याहून थोडी आधी. युविकाचा अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे शिमग्याच्या सुमाराला. पालखी नाचवायच्या दिवसांत अर्ज राहून जातो, हे दरवर्षीचं आहे. परदेशी कार्यक्रमांचे अर्ज (प्रश्न ९) हिवाळ्यातच बंद होऊ लागतात. तारखा दरवर्षी हलतात, म्हणून त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रावर विसंबू नका.

घरून प्रवास करायचा असेल तर रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मे महिन्यात कोकण रेल्वेचं तिकीट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

६. मुलगा मराठी माध्यमात आहे. इंग्रजी अडेल का?

पहिले दोन-तीन दिवस अडेल. युविकासारख्या ठिकाणी इंग्रजी आणि हिंदीत चालतं. पण शास्त्रज्ञ मंडळी मुलाचं व्याकरण तपासायला बसलेली नसतात. आमच्या शाळेतून गेलेल्या एका मुलीने तिथे पहिला प्रश्न अर्धा हिंदी, अर्धा मराठीत विचारला आणि उत्तर नीट मिळालं.

तयारी एवढीच करा. विषयातले पन्नास-साठ शब्द दोन्ही भाषांत माहीत असू द्या. त्वरण म्हणजे ॲक्सलरेशन, घनता म्हणजे डेन्सिटी. मुलाला एका वहीत ते समोरासमोर लिहायला सांगा. अर्जातला निबंध मात्र आधी मराठीत लिहून घ्या आणि मग इंग्रजीत न्या. थेट इंग्रजीत लिहिला की सगळ्यांचा निबंध एकसारखा होतो.

७. दहावी झाली. अकरावीचा क्रॅश कोर्स लावू की शिबिराला पाठवू?

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावीचे वर्ग सुरू व्हायला जून-जुलै उजाडतो. तीन महिने कमी नाहीत. दोन्ही बसतं. जेईई-नीटची वाट नक्की ठरली असेल तर एप्रिल शिबिराला किंवा घरच्या प्रकल्पाला द्या आणि मे अभ्यासाला. ठरली नसेल तर फी भरून वाट ठरवू नका. ज्या मुलाने एक महिना खरंच जीवशास्त्राचं काम केलं, त्याला आपल्याला डॉक्टर व्हायचंय की नाही हे स्वतःचं स्वतःला कळतं. लाखाची फी भरल्यावर कळण्यापेक्षा ते बरं.

८. "तुमच्या पाल्याची निवड झाली आहे" असा मेल आला. आम्ही तर अर्जच केला नव्हता!

मग निवडही झालेली नाही. शाळेतल्या एखाद्या चाचणीत भरलेला किंवा प्रदर्शनाच्या स्टॉलवर दिलेला नंबर त्यांच्याकडे गेलेला असतो. "मर्यादित जागा", "४८ तासांत फी भरा" अशी घाई असेल तर मेल मिटवून टाका. शंका वाटली तर संस्थेच्या मूळ संकेतस्थळावरून नंबर काढून तिथे विचारा, मेलमधल्या नंबरवर नको.

९. परदेशी विद्यापीठांच्या समर स्कूलला पाच-सहा लाख लागतात. कर्ज काढून पाठवावं का? पुढे प्रवेशाला उपयोग होतो म्हणतात.

कर्ज काढून नको. यात तीन जाती आहेत आणि जाहिरातीत तिन्ही सारख्याच दिसतात.

पहिली जात म्हणजे विद्यापीठाची जागा नुसती भाड्याने घेतलेली खासगी कंपनी. फोटोत इमारत प्रसिद्ध असते, शिकवणारं त्या विद्यापीठाचं कुणी नसतं. दुसरी जात, विद्यापीठ स्वतः चालवतं ते फी घेऊन चालणारं समर स्कूल. शिकवणं चांगलं असू शकतं. पण पुढचा पदवीचा प्रवेश ही वेगळी प्रक्रिया आहे, तिथे बसून आल्याने जागा मिळत नाही. घरात पैसे असतील आणि मुलाला हौस असेल तर जावं, तेवढंच.

तिसरी जात दुर्मीळ, कष्टाने मिळणारी. अमेरिकेत एमआयटीत भरणारी रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट १९८४ पासून आहे, शिकवण्याची फी घेत नाही. गणितात ओहायोतला रॉस प्रोग्रॅम १९५७ पासूनचा आणि बॉस्टन विद्यापीठातला प्रॉमिस १९८९ पासूनचा. या दोन्हींच्या अर्जात गणितांचा संच सोडवून पाठवायचा असतो. एकेका गणिताला आठवडा लागतो, आणि उत्तरापेक्षा तुम्ही कसा विचार केलात ते वाचतात. प्रश्न ३ मध्ये सांगितलेली खूण ती हीच. जमत नसलेल्यांना खर्चात सवलत मागता येते. मूल जाणार नसलं तरी हे जुने संच त्याच्यासमोर ठेवून बघा. अख्खी सुट्टी पुरतात.

१०. शिबिर खरंच चांगलं आहे, पण फी परवडत नाही. सवलत मागायला लाज वाटते.

लाज वाटून घेऊ नका. बऱ्याच संस्थांकडे काही जागा सवलतीच्या असतात आणि त्या मागितल्याशिवाय कळत नाहीत. पत्र मुलाने लिहावं, पालकांनी सही करावी. घरचं उत्पन्न, घरात शिकणारी मुलं किती, आपण किती देऊ शकतो हा आकडा, आणि सोबत तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. "पूर्ण माफ करा" यापेक्षा "एवढे देऊ शकतो" या पत्राला उत्तर लवकर येतं. गावाचं मुंबई मंडळ असेल तर तिथेही विचारा. देवळाच्या सभामंडपाला वर्गणी काढणारी मंडळी मुलाच्या प्रवासालाही देतात, हे मी स्वतः अनुभवलंय.

११. मुलीला एकटीला पाठवायला आजी-आजोबा तयार नाहीत.

त्यांची काळजी खोटी नाही, तेव्हा उडवून लावू नका. त्यांच्यासमोरच फोन लावा आणि विचारा. मुलींची राहायची सोय वेगळी आहे का, रात्री वसतिगृहात बाई रेक्टर असतात का, घरी बोलायची वेळ कोणती, आजारी पडली तर कुठे नेतात, तक्रार कुणाकडे करायची. चांगल्या ठिकाणी हे सगळं लिहून देतात. मग सोडायला घरचं कुणी जा. शक्य असेल तर त्याच शिबिराला जाऊन आलेल्या मुलीशी आजीचं बोलणं करून द्या. आमच्या गावात दोन आज्या अशाच राजी झाल्या. विचारूनही सरळ उत्तर मिळालं नाही तर मुलगाही पाठवू नका.

१२. एप्रिल-मे म्हणजे आमचा आंब्याचा हंगाम. घरातला एक माणूस कमी झाला की जड जातं.

हे बागायतदारांच्या मुलांचं खरं दुखणं आहे. शहरातल्या माहितीपत्रकांना ते माहीत नाही. दोन वाटा आहेत. एक म्हणजे दिवाळीच्या सुट्टीतले छोटे कार्यक्रम शोधा. दुसरी वाट, बागेतच काम काढा. झेल्याने आंबे उतरवताना, पेटी भरताना प्रश्नांना तोटा नाही. कुठल्या झाडाच्या फळात साका (आतला गर खराब होणं) जास्त पडतो? उन्हाच्या बाजूच्या फळात जास्त का? मुलाने शंभर फळांची नोंद ठेवली तरी कुठल्याही निवड समितीपुढे मांडता येईल असं काम होतं. अडलं तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राकडे विचारता येतं. मासेमारी करणाऱ्या घरांना रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय जवळ आहे.

१३. ९६ टक्के असूनही निवड झाली नाही. कोकण बोर्ड तर राज्यात पहिलं येतं!

येतं, २०१२ मध्ये वेगळं झाल्यापासून निकालात पुढेच आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण विचारलेल्याचं उत्तर लिहिणं आणि स्वतः प्रश्न काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. अर्ज या दुसऱ्या कामासाठी असतो.

नाकारलेले अर्ज मी वाचते तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं: "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे." एका मुलाला मी ते खोडायला लावलं आणि विचारलं, तुला खरंच काय खटकतं? बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ लागतं, वरच्या आळीतल्या विहिरीचं लागत नाही. मी म्हटलं, हेच लिही. खाडीपासून दोन्ही विहिरी किती लांब, पाण्याची पातळी किती खाली, चव कधी बदलते, एवढं त्याने लिहिलं. पुढच्या वर्षी त्याची निवड झाली.

१४. निवड झालीच नाही तर सुट्टी फुकट जाणार का?

मुळीच नाही. आपल्यासारखी प्रयोगशाळा शहरातल्या मुलांना पैसे देऊन मिळत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगते. आपल्याकडचे जुने लोक भरतीची वेळ काढतात ती तिथीला पाऊणने गुणून. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. नववीतल्या एका मुलाला आजोबांचा हा हिशेब खरा की खोटा ते बघायचं होतं. त्याने एका बांबूवर दर दहा सेंटिमीटरला तेलरंगाचा पट्टा मारला, खाडीच्या धक्क्याला बांधला आणि महिनाभर दिवसाच्या भरतीच्या वेळी जाऊन बसला. वहीत तिथी, वेळ, पाण्याची उंची. उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) पाणी कुठवर चढतं आणि भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला) कुठवर, हे त्याला पट्ट्यांवर दिसलं. मग वेळा जुळेनात. कधी बरोबर, कधी अर्धा तास चुकलेल्या. आम्ही दोघांनी हिशेब मांडला. एका चांद्रमासात भरतीची वेळ एकूण २४ तासांनी पुढे सरकते आणि तिथी ३०, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. ही तीन मिनिटं पंधरा तिथींत साठून पाऊण तास होतात. शिवाय प्रत्येक बंदराचं आपलं मागं-पुढं असतं ते वेगळंच. आजोबांचा हिशेब तोंडी करायला सोपा म्हणून टिकला, हे त्याने वहीच्या शेवटी लिहिलं. वही अजून माझ्याकडे आहे, पानांना खाऱ्या पाण्याचे डाग आहेत.

याशिवाय झाडांच्या मोहोराच्या, फळांच्या नोंदी घेणारा *सीझनवॉच* आहे, पक्ष्यांसाठी *ईबर्ड* आहे, कुठल्याही जिवाचा फोटो ओळखून घ्यायला *आयनॅचरलिस्ट* आहे. तिन्ही फुकट. वेळासला मार्च-एप्रिलमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जातात. तिथे दोन दिवस थांबून माहीतगारांशी बोलता येतं.

१५. मुलगी कला शाखेला जाणार आहे. सगळं विज्ञानाचंच का?

माझा विषय विज्ञान, म्हणून माझ्याकडून तसं होतं खरं. पण तिच्यासाठी दाराशीच काम आहे. उक्षी, कशेळी, जांभरुण, देवाचे गोठणे, बारसू, तिकडे सिंधुदुर्गात कुडोपी, या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली. एका शिल्पाचं नीट मोजमाप घेऊन चित्र काढणं आणि गावातले लोक त्याला काय म्हणतात ते लिहून घेणं, हे सुट्टीभराचं काम आहे. मोडी लिपीचे वर्गही असतात, ते शोधा. आपल्याकडे किती घरांत जुन्या ट्रंकेत मोडी कागद पडलेत आणि वाचणारं कुणी नाही!

१६. ऑनलाइन शिबिर चालेल का?

प्रश्न ३ मधल्याच कसोट्या लावा. जिवंत शिकवणारा असेल, वीसेक मुलं असतील, लिहिलेलं तपासून मिळत असेल तर चालेल. नुसते आधी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ असतील तर पैसे देऊ नका, तसं फुकट बरंच आहे. आणि वळवाच्या पावसात लाइट गेली, रेंज गेली तर बुडलेला तास परत मिळतो का, ते आधी विचारा.

१७. या प्रमाणपत्रांचे पुढे गुण मिळतात का?

एमएचटी-सीईटी, जेईई, नीट यांत शिबिराच्या प्रमाणपत्राला गुण नाहीत. अपवाद ऑलिंपियाडचा. त्यात वरच्या टप्प्यापर्यंत गेलेल्यांना चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटसारख्या संस्था आणि काही आयआयटी वेगळ्या वाटेने प्रवेश देतात. बाकी कागद फाइलला लावा आणि विसरा. मुलाने केलेल्या कामाची वही मात्र जपा. पुढच्या अर्जाला तीच लागते.

१८. मुलगा दुसऱ्याच दिवशी फोन करून "घेऊन जा" म्हणतोय. काय करू?

आधी कशामुळे ते विचारा आणि मधे न बोलता ऐका. कुणी मारलं, घाणेरडं बोललं, अंगाला हात लावला असं काही असेल तर त्याच गाडीने निघा. जेवण आवडत नाही, करमत नाही, बाकीची मुलं हुशार आहेत असं असेल तर तीन दिवस थांबायला सांगा आणि रोज ठरलेल्या वेळी फोन करा. बाकीच्यांच्या हुशारीची भीती जवळजवळ प्रत्येक मुलाला वाटते, वर्गात पहिल्या येणाऱ्यांना तर जास्तच. शिबिरातल्या एखाद्या शिक्षकाशी बोलून घ्या, नुसतं कळवलं तरी ते लक्ष ठेवतात. चौथ्या दिवशीही आवाज तसाच असेल तर आणायला जा, आणि येताना गाडीत रागावू नका.